दवाखान्यात कामाला असणाऱ्यांना कोरोनाचा धोका कोणाला आणि किती? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दवाखान्यात काम करताना लागणाऱ्या आजारांवर लिहिलं होतं. टीबी, कावीळ बी, सुई टोचणं असं सगळं होतं त्यात आणि कोरोनावर जेमतेम एक परिच्छेद. पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज मात्र बहुतेक कोरोनावरच आले, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी उठवली, पण व्हायरस काही गेलेला नाही आणि ज्यांनी त्या दोन वर्षांत वॉर्ड सांभाळले त्यांचे प्रश्न तसेच पडून आहेत, म्हणून हा पूर्ण कॉलम यावेळी त्यांनाच देतोय.

मी एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी सफाई कामगार आहे. दोन्ही लाटांत कोविड वॉर्ड झाडला, पुसला, संडास-बाथरूम धुतले. डॉक्टर, सिस्टर लोकांना किट भेटायची, आम्हाला कधी साधा मास्क, कधी तोही नाही. सगळे म्हणायचे तुम्ही पेशंटला हात कुठे लावता, तुम्हाला काय होणार. आम्ही पण एकमेकींना म्हणायचो "आमले काही होत नही". मला झाला, सोबतच्या बायांनाही झाला. आमचा धोका खरंच कमी होता का? (एक ताई, तापीकाठच्या गावातून)

नाही ताई, कमी नव्हता. आणि हे मी तुमचं मन राखायला सांगत नाहीये, हे मोजलेलं आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मोठ्या हॉस्पिटलात एप्रिल २०२० मध्ये, काही लक्षणं नसताना कामावर हजर असलेल्या स्टाफचं रक्त तपासलं, कोणाला नकळत होऊन गेलाय ते बघायला. सगळे मिळून २४.४ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. आता खात्याप्रमाणे बघा, आयसीयूत काम करणाऱ्यांत १४.८ टक्के आणि साफसफाई करणाऱ्यांत ३४.५ टक्के, म्हणजे सगळ्यात जास्त. ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलात बघितलं तिथंही पेशंट ढकलत नेणारे आणि सफाईवाले हेच वर. दोन वेगळ्या गावांत, वेगळ्या टीमने मोजलं आणि तेच निघालं, तेव्हा हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

असं का होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. डॉक्टर राउंडला येतात, एका कॉटपाशी दोन-तीन मिनिटं थांबतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र प्रत्येक कॉटखाली वाकता, पेशंट खोकतोय त्याच्या तोंडापासून हातभरावर फडका मारता, मग बाथरूममध्ये जाता जिथे एक्झॉस्ट फॅन बंद पडून वर्ष झालेलं असतं आणि खिडकीला पुठ्ठा लावलेला असतो. हा व्हायरस मुख्यतः हवेतून पसरतो. पेशंट श्वास सोडतो, बोलतो, खोकतो तेव्हा जे बारीक कण निघतात ते बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. पेशंट बाथरूममधून बाहेर गेला तरी त्याची हवा आतच असते आणि बरोबर त्यानंतर तुम्ही बादली घेऊन आत जाता. हात लावला की नाही हा प्रश्नच इथे चुकीचा आहे, ती हवा कोणी किती वेळ ओढली हे बघायला पाहिजे होतं.

अजून एक गोष्ट. चादरी बदलताना त्या झटकायच्या नाहीत. कॉटवरच आतल्या बाजूने गोळा करत गुंडाळायच्या, अंगापासून लांब धरायच्या आणि सरळ पिशवीत टाकायच्या. कोरडा झाडू मारायचा नाही, ओला पोछाच. आणि पिवळ्या पिशवीतला कचरा दाबून जागा करायची नाही, भरली की गाठ मारून दुसरी घ्यायची. हे तुम्हाला कोणीतरी पहिल्या दिवशीच समजावून सांगायला पाहिजे होतं, ते काम हाताखालच्या सुपरवायझरचं नाही, दवाखान्याचं आहे.

एक खरं सांगायला हवं, तुमच्या सगळ्यांना झालेली लागण वॉर्डातलीच असेल असं छातीठोक नाही सांगता येत. लहान घर, भरलेली रिक्षा, काळीपिवळीत दाटीवाटीने बसून येणं, हेही त्यात असणार. पण म्हणून दवाखान्याची जबाबदारी कमी होत नाही. मास्क पदाप्रमाणे वाटायचा नसतो, कामाप्रमाणे वाटायचा असतो. जो माणूस कोविड वॉर्डात आठ तास असतो त्याला एन९५ पाहिजेच, मग तो प्रोफेसर असो की मावशी.

माझी पत्नी भुसावळकडे एका हॉस्पिटलात आयसीयू सिस्टर आहे. कोविडचा पेशंट परत आला की घरात टेन्शन सुरू होतं. मी म्हणतो आयसीयू सोड, जनरल वॉर्डात बदली माग, तिथे धोका कमी. ती ऐकत नाही. शिवाय ती घरी आली की अंगणातच आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, वेगळी खोली, असं सगळं आम्ही करतो. आई वयस्कर आहे. हे बरोबर आहे ना?

दादा, बदलीचं म्हणाल तर तुमच्या मिसेसचं बरोबर आहे. आयसीयू म्हटलं की नळ्या, मॉनिटर, व्हेंटिलेटर दिसतात म्हणून ती जागा सगळ्यात घातक वाटते. पण वरचे आकडे परत बघा, बर्मिंगहॅमला जनरल मेडिसिनच्या वॉर्डात ३०.३ टक्के आणि आयसीयूत त्याच्या निम्मे. कारण या आजारात माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते पुढचे चार-पाच दिवस सगळ्यात जास्त पसरवतो. आयसीयूत पोचेपर्यंत पेशंटला आठ-दहा दिवस होऊन गेलेले असतात, तोवर तो सिरीयस असला तरी पसरवणं पुष्कळ उतरलेलं असतं. ट्यूब टाकली की श्वासही बंद सर्किटमधून, फिल्टरमधून जातो. आणि आयसीयूच्या लोकांना चांगला मास्क पहिल्यांदा मिळाला. याच्या उलट जनरल वॉर्ड आणि कॅज्युअल्टी, पेशंट नुकताच आलेला, जोरात खोकतोय, मास्क हनुवटीवर, दोन नातेवाईक सोबत, आणि टेस्ट अजून व्हायचीय.

आयसीयूतसुद्धा काही वेळा जपायच्या असतात हे खरं. आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये हेल्थ वर्कर्सवर जो अभ्यास केला त्यात इंट्युबेशन, म्हणजे घशातून श्वासाची नळी टाकायचं काम, करणाऱ्यांत लागणीची शक्यता चार पटीच्या वर निघाली होती. नंतर ब्रिटनमध्ये ऑपरेशन थिएटरात हवेतले कण मोजले तेव्हा दिसलं की इंट्युबेशनपेक्षा साध्या खोकल्यातूनच जास्त कण निघतात, म्हणजे त्या क्षणी पेशंटच्या तोंडाशी तोंड नेऊन उभं राहणं आणि त्याचं खोकणं हाच भाग जास्त महत्त्वाचा असावा. मास्क नीट असेल तर हा धोका खूप खाली येतो. केंब्रिजच्या हॉस्पिटलात कोविड वॉर्डच्या स्टाफला साध्या सर्जिकल मास्कऐवजी एन९५ च्या वरच्या दर्जाचा मास्क दिला, त्यानंतर कोविड वॉर्ड आणि बिगरकोविड वॉर्ड यांच्या स्टाफमधल्या लागणीतला फरक जवळपास मिटला.

मास्क नीट म्हणजे काय तर हे. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानाखालून मानेवर, दोन्ही एकाच जागी नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हाताच्या दोन-दोन बोटांनी दाबत गालाकडे न्यायची, एका हाताने चिमटा काढला की मधे टोक येतं आणि बाजूला फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्याकडे वारं लागलं, चष्म्यावर वाफ आली की मास्क गळतोय, परत बसवायचा. पुरुष स्टाफने दाढी ठेवली असेल तर तो मास्क बसतच नाही, कितीही महाग असो.

किट काढताना तर अजून जपायचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो, त्यात सहा तास प्लास्टिकच्या सूटमध्ये काढलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला फक्त तोंडावर वारं पाहिजे असतं आणि पहिला हात मास्कलाच जातो. तिथेच घात होतो. आधी ग्लोव्हज, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळत काढायचा, हात धुवायचे, मग गॉगल मागच्या पट्ट्याने, आणि मास्क सगळ्यात शेवटी, खोलीच्या बाहेर येऊन, पट्ट्याला धरून, पुढच्या भागाला हात न लावता. परत हात धुवायचे. शेजारी दुसरं कोणी उभं राहून एकेक स्टेप बोलत असेल तर चुका कमी होतात. माझं स्पष्ट मत आहे की उन्हाळ्यात किटची ड्युटी चार तासांच्या वर लावूच नये, थकलेला माणूस चुकणारच.

आणि ड्युटी रूम विसरू नका. वॉर्डात सगळे सावध असतात, मग दुपारी डबा खायला दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणी मास्क काढून बसतात, दार बंद कारण ऊन आत येतं. स्टाफकडून स्टाफला लागण अशाच ठिकाणी होते. त्यांना सांगा जेवण दोन पाळ्यांत करा, शक्य असेल तर व्हरांड्यात.

आता घराचं. तुमची काळजी खोटी नाही. स्कॉटलंडमध्ये मार्च ते जून २०२० मधल्या दीड लाखाच्या वर हेल्थ वर्कर्सचा हिशोब काढला, त्यात पेशंटशी थेट संबंध येणाऱ्यांना कोविडने ॲडमिट व्हायची शक्यता पेशंटशी संबंध नसलेल्या स्टाफच्या ३.३ पट होती आणि त्यांच्या घरच्यांना जवळजवळ पावणेदोन पट. म्हणजे घरी काहीतरी येतं हे खरं, पण ते मुख्यतः माणसाच्या श्वासातून येतं. कपड्यांवरून, वस्तूंवरून लागण व्हायची शक्यता अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये साधारण १०,००० स्पर्शांत एकापेक्षाही कमी धरली. तेव्हा आंघोळ करू द्या, बरंच वाटतं माणसाला, पण कपडे साबणाने नेहमीसारखे धुतले तरी पुरे आणि दमून आलेल्या बाईला अंगणात ताटकळत ठेवायची काही गरज नाही. त्यापेक्षा घसा दुखतोय, अंग मोडलंय असं वाटलं की त्याच दिवशी टेस्ट, आईच्या खोलीपासून लांब, खिडक्या उघड्या आणि मास्क. आईंचे डोस किती झालेत ते बघा. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने २०२१ मध्ये स्वतःच्या स्टाफवर बघितलं होतं, दोन डोस झालेल्यांत ॲडमिट व्हायची वेळ ७७ टक्क्यांनी आणि आयसीयूची ९४ टक्क्यांनी कमी झाली. लागण पूर्ण थांबत नाही, पण जीव वाचतो.

माझा शिरपूर तालुक्यात छोटा दवाखाना आहे, एकच तपासणी खोली, दहा बाय बारा. उन्हाळ्यात एसी लावू की कुलर? स्टाफला, कंपाउंडरला काय सांगू?

डॉक्टरसाहेब, कुलर, पण खिडकीतला. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा गार करून परत फिरवतो, सकाळी दहाला आलेल्या पेशंटचा श्वास बाराच्या पेशंटपर्यंत पोचवतो. आपला खान्देशी कुलर बाहेरून हवा ओढून आत ढकलतो, आणि या बाबतीत तो एसीपेक्षा चांगलाच आहे. अट एकच, समोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे, नाहीतर आत आलेली हवा जाणार कुठे. खोलीत मधोमध ठेवलेला कुलर मात्र नुसता पंखाच समजा. एप्रिल २०२० मध्ये एसी-व्हेंटिलेशनच्या इंजिनियर लोकांच्या भारतीय संस्थेने पण कुलरबद्दल हेच सांगितलं होतं. एसी लावायचाच असेल तर खिडकी थोडी उघडी आणि वर एक्झॉस्ट, बिल वाढेल, पण वाढू द्या.

तुमची खुर्ची हवा येते त्या बाजूला आणि पेशंट हवा बाहेर जाते त्या बाजूला बसवा. खोकल्याचे पेशंट बाहेर झाडाखाली किंवा ओट्यावर थांबवा. नेब्युलायझर त्या खोलीत लावू नका, बाहेर व्हरांड्यात लावा. आणि कंपाउंडर, जो केसपेपर काढतो, तो दिवसात तुमच्याइतकेच पेशंट बघतो आणि तुमच्या आधी बघतो, तेव्हा त्याला मास्क तुमच्याच बॉक्समधला द्या. त्या मास्कला व्हॉल्व्ह नको, व्हॉल्व्हमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, जुलै २०२० मध्येच केंद्राने त्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं.

दवाखान्यातल्या लोकांना फार धोका होता असं तुम्ही लिहिता, पण धोका तर भाजीवाल्याला, एसटीच्या कंडक्टरलाही होता. लस मात्र यांनाच आधी मिळाली. हे थोडं वाढवून सांगणं नाही का? (निवृत्त शिक्षक, धुळे)

सर, प्रश्न रास्त आहे. आकडेच देतो. आयसीएमआरने डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये जो देशभराचा सिरो सर्व्हे (रक्तातल्या अँटिबॉडी तपासायची पाहणी) केला त्यात हेल्थ वर्कर्समध्ये २५.७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली दिसली आणि इतर जनतेत २१ टक्क्यांच्या आसपास. फरक आहे, पण तुमचं खरं, तो आभाळाएवढा नाही, कारण तोवर कोरोना गल्लीगल्लीत पोचला होता. कंडक्टर, भाजीवाले, पोलीस यांचा धोका मी नाकारत नाही, त्यांच्यावर वेगळं लिहायला पाहिजे.

पण सरासरीत खूप काही लपतं. त्या २५.७ मध्ये ऑफिसात फाइल बघणाराही आहे आणि कॅज्युअल्टीत रात्र काढणाराही. आणि दवाखान्यातला माणूस आजारी पडला की त्याच्याकडून तो अशा लोकांना लागतो जे आधीच कमजोर आहेत, डायलिसिसवाले, कॅन्सरवाले, बाळंतिणी. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा जगभरातल्या ८,०९६ केसेसपैकी १,७०६ केसेस आरोग्य कर्मचाऱ्यांच्या होत्या, पाचात एक. काही ठिकाणी तर दवाखानेच साथीचं केंद्र झाले होते. हा अनुभव जगाच्या पाठीशी होता म्हणून १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण दवाखान्यातल्या लोकांपासून सुरू झालं, आणि दिल्लीच्या एम्समध्ये पहिला डोस एका सफाई कर्मचाऱ्याला दिला गेला. तो निर्णय मला आजही शंभर टक्के बरोबर वाटतो.

मी धडगाव भागात आशा आहे. आम्ही दवाखान्यात नसतो, पाड्यावर घरोघर जातो. आम्हाला किती धोका धरायचा?

ताई, तुमच्याकडची घरं कुडाची, वारं खेळतं, पाडे विरळ, तेवढं बरं. पण २०२० च्या सप्टेंबरपासून "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत तुम्ही ऑक्सिमीटर आणि तापाची गन घेऊन दार न दार फिरलात, म्हणजे टेस्ट न झालेल्या माणसाच्या समोर पहिली तुम्हीच. नियम सोपा ठेवा, घरात शिरायचं नाही, अंगणात बोलवायचं, आणि खोकला असलेल्या माणसाचं बोट ऑक्सिमीटरला लावताना तोंड बाजूला. ऑक्सिमीटर दर घराला स्पिरिटने पुसायचा. पीएचसीत महिन्याच्या मीटिंगला मात्र एका हॉलमध्ये साठ-सत्तर आशा बसतात, खिडक्या बंद, तिथे मास्क पाड्यापेक्षा जास्त गरजेचा. मास्क मागायला संकोच करू नका, तो तुमच्या कामाचा भाग आहे.

माझा भाऊ वॉर्डबॉय होता, ठेकेदाराकडून. एप्रिल २०२१ मध्ये कोविड ड्युटी करताना वारला. ५० लाखाचा विमा मिळाला नाही, ठेकेदार म्हणतो तो आमच्या यादीत नव्हता, दवाखाना म्हणतो तो आमचा कर्मचारी नव्हता. आता काही होऊ शकतं का?

फार वाईट वाटलं वाचून. आधी विम्याचं. ३० मार्च २०२० पासूनची ती केंद्राची योजना कंत्राटी आणि आउटसोर्सिंगच्या लोकांनाही लागू होती, ठेकेदाराचा माणूस म्हणून तो आपोआप बाहेर पडत नाही. त्यात पॉझिटिव्ह रिपोर्ट, मृत्यूचा दाखला आणि कोविड ड्युटीवर होता असं संस्थेचं पत्र लागायचं. खाजगी दवाखान्यांचे दावे बऱ्याचदा याच मुद्द्यावर अडले की सरकारने ती सेवा ताब्यात घेतली होती की नाही. २०२१ च्या मध्यात जिल्हाधिकाऱ्यांनी दावा प्रमाणित करायची पद्धत आली. तेव्हा अर्ज दिला होता का, नाकारला असेल तर लेखी कारण काय दिलं, हे कलेक्टर ऑफिसात माहितीच्या अधिकारात मागा.

दुसरा रस्ता फार थोड्यांना माहीत आहे. १९२३ चा कामगार भरपाई कायदा २०२१ मध्ये लागू होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, भाग अ मध्ये, पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची होती आणि त्यात आरोग्य आणि लॅबोरेटरीचं काम स्पष्ट लिहिलेलं होतं. भाग अ मधला आजार त्या कामावर असताना झाला की तो कामावरचा अपघातच धरला जायचा, किती महिने नोकरी झाली हे बघत नसत. आणि त्याच कायद्याचं कलम १२ सांगायचं की ठेकेदारामार्फत काम करून घेतलं तरी जबाबदारी मूळ मालकावरही येते, म्हणजे दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवून सुटका होत नाही. त्याच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर मात्र हा रस्ता बंद, मग ईएसआयकडे आश्रितांच्या पेन्शनचा दावा करायचा. त्या कायद्यात मृत्यूची भरपाई महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा अशी निघायची, २०२१ मध्ये पगार जास्तीत जास्त १५,००० धरत.

अडचण मुदतीची आहे, त्या कायद्याप्रमाणे दावा दोन वर्षांत करायचा होता. ती गेलीय, पण सबळ कारण असेल तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त उशीर माफ करू शकतात, आणि दोन ठिकाणांहून फिरवाफिरवी झाली हे कागदावर दाखवता आलं तर ते कारण मांडता येतं. त्यासाठी ड्युटी चार्टचा फोटो, हजेरीची पानं, बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, ड्युटीचे व्हॉट्सॲप मेसेज, जे सापडेल ते गोळा करा. सोबत काम करणाऱ्या दोन जणांचं लेखी म्हणणं घ्या. जुना फोन विकला नसेल तर अजिबात विकू नका, आणि फॉरमॅट करायच्या आधी सगळे मेसेज काढून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज वहिनींच्या नावाने करा.